मिशनचा संडास

मी निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाचा हार गळ्यात असतानाच वस्तीतल्या एका बाईने मला कोपऱ्यात ओढलं आणि कित्येक वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला.

"भास्करभाऊ, आते तरी खरं सांगा. तुम्ही बाटेल शेतस का नही?"

मी म्हणालो, "नाही हो. जसा होतो तसाच आहे."

ती चक्क हिरमुसली. "मंग इतला वरीस कसाले काम करं?" म्हणाली आणि पेढा घ्यायला निघून गेली.

प्रश्न रास्त होता. मी सुरतेत चर्चच्या एका सेवा केंद्रात नोकरी केली. स्वतः हिंदू, अमळनेरकडचा, गळ्यात आईने बांधलेला ताईत. उधन्याच्या वस्त्यांत आमच्या केंद्राला कोणी केंद्र म्हणत नसे. सगळे म्हणत, 'मिशन'. आणि मला म्हणत 'मिशनवाला भाऊ'. मी या कामात कसा आलो, याची गोष्ट थोर नाही. माझे मामा उधन्याला लूमच्या कारखान्यात होते. बी.ए. झाल्यावर त्यांनी मला कारखान्यात चिकटवलं. पहिल्याच आठवड्यात मी ताण्याचा असा काही गुंता केला की शेठ स्वतः बघायला आले. ते रागावले नाहीत. "भाई, तू भणेलो छे, बीजु कंई कर," एवढंच म्हणाले. शिकलेला आहेस, दुसरं काहीतरी कर. मिशनला मराठी बोलणारा माणूस हवा होता. मला पगार हवा होता. देवाने मधे कुठे हात घातला असेल तर मला कळलं नाही.

आईला मात्र धास्ती होती. पहिल्या सुट्टीला गावी गेलो तेव्हा तिने मला तुळशीला पाणी घालायला लावलं आणि तुळस कोमेजत नाही ना, हे दोन दिवस बघितलं.

आता आमचा धंदा काय ते सांगतो. कागदावर त्याला 'समूहविकास' म्हणत. वस्तीत जायचं, बायांना गोळा करायचं, त्यांना काय हवं ते विचारायचं, आणि ते त्यांच्याकडूनच करवून घ्यायचं. मग परदेशातल्या देणगीदारांना अहवाल पाठवायचा की हे आम्ही केलं. मधल्या काळात लसीचा डबा, ओआरएसच्या पुड्या, शाळेचे दाखले, दारुड्या नवऱ्यांची समजूत, हे सगळं. मी यातल्या कशातच फारसा हुशार नव्हतो. मला एकच गोष्ट उत्तम येत असे, ती म्हणजे भाषण.

आमचे प्रमुख फादर मॅथ्यू केरळचे. गुजराती ते माझ्यापेक्षा चांगलं बोलत. पर्वत पाटियाजवळ एका साडी-फोल्डिंगवाल्याच्या गाळ्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. प्लेगची धावपळ सरल्यानंतरच्या वर्षी फादरनी सांगितलं, आपल्याकडे आरोग्याच्या कामासाठी एक सिस्टर येणार आहेत, होंडुरासच्या. मी मान डोलावली. होंडुरास म्हणजे आफ्रिकेत असावं असं मी धरून चाललो होतो; ते निघालं मध्य अमेरिकेत.

सिस्टर लुस आल्या. ठेंगण्या, सावळ्या, पन्नाशीच्या. सुती साडी नेसल्या की चोपड्याच्या बाजारातल्या एखाद्या भाजीवाल्या बाईसारख्या दिसत. नर्स होत्या. इंग्रजी मोडकं आणि स्पॅनिशने भरलेलं. माझंही इंग्रजी मोडकंच, फक्त वेगळ्या ठिकाणी मोडलेलं. फादरनी मला त्यांचा दुभाषी नेमलं. दोन मोडक्या इंग्रजींतून वस्तीच्या अहिराणीपर्यंत जायचं म्हणजे फुटक्या घागरीतून पाणी नेण्यासारखं होतं. पोहोचेपर्यंत काय उरेल याचा नेम नाही.

पहिलीच बैठक रेल्वेलाइनीलगतच्या वस्तीत झाली. सगळी खानदेशची माणसं. पुरुष लूमवर, बाया घरी साड्यांना टिकल्या लावायच्या. पंचवीसेक बाया गोणपाटावर बसल्या. सिस्टरनी हसून विचारलं, तुमचं सगळ्यांचं स्वप्न काय आहे? मला सांगा.

आमच्या प्रशिक्षणात हे ठरलेलं वाक्य असे. वस्तीचं उद्याचं चित्र लोकांच्या मनात कसं आहे, असा त्याचा अर्थ. मी मोठ्या रुबाबात उभा राहिलो आणि भाषांतर केलं, "सिस्टर इचारतीस, तुम्हले सपन काय पडस?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, "माले साप दिखस." दुसरी म्हणाली, तिला मेलेली सासू दिसते आणि चहात साखर कमी आहे म्हणते. तिसरीच्या स्वप्नात दात पडत. झालं. बांध फुटला. अर्धा तास बाया आपापली स्वप्नं सांगत होत्या, हसत होत्या, एकमेकींना अर्थ सांगत होत्या. मी घामाघूम. सिस्टरना काय सांगू? मी म्हणालो, "या म्हणतात, साप कमी व्हावेत. आणि साखर स्वस्त व्हावी."

सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लायकी कळली. "खरं सांग," त्या म्हणाल्या. मी खरं सांगितलं. मला वाटलं, आता बैठक आवरतील. पण त्या मांडी घालून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "चालू दे."

तेव्हा सिंधूबाई बोलली. ही रामदासआप्पाची बायको. आप्पा वस्तीतला मोठा माणूस, लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रं आणि माणसं दोन्ही ताब्यात असलेला. सिंधूबाई सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "माले येकच सपन पडस. मी लाइनीवर बठेल शे. गाडी येस. आन मन्हापुढेच थांबी जास. खिडक्या खिडक्यासमाईन मानसं देखतस. माले उठता येत नही."

कोणी हसलं नाही. मग मागून एक तरुण सून हळूच म्हणाली, "माले बी हाईच पडस." आणखी एक म्हणाली. आणखी एक. त्या वस्तीत संडास नव्हता. बाया उजाडायच्या आत रुळांकडे जात आणि मग दिवसभर पाणी कमी पीत, परत जावं लागू नये म्हणून. मी त्या वस्तीत दोन वर्षं जात होतो. तिथे मी लसीकरण, साक्षरता आणि धूररहित चुलीवर भाषणं दिली होती.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या गावात आम्ही केळीच्या बागेत जायचो. कंपनीचा रखवालदार बॅटरी मारायचा."

मी भाषांतर केलं. बाकी सगळं राहिलं बाजूला, सिंधूबाईने विचारलं, "तुमनाकडे केळी शे?"

सिंधूबाईचा बाप चोपड्याकडे केळीच्या बागांत मजूर. सिस्टरचे वडील होंडुरासमध्ये केळीच्या मळ्यात घड तोडणारे. पुढचा सगळा वेळ त्या दोघी हातवारे करून घड कसा तोडतात, खांद्यावर कसा घेतात, चीक कपड्याला लागला की कसा जात नाही, हे एकमेकींना सांगत होत्या. दुभाष्याची कोणालाच गरज नव्हती. मी बाजूला बसून कोणाचं तरी पोर सांभाळलं.

ठरलं ते असं: बायांसाठी संडास बांधायचा. गटारलाइन महापालिकेने नुकतीच जवळून नेली होती. पैसा मिशन आणणार होतं. अडचण जागेची. वस्तीत मोकळा तुकडा एकच, दोन गल्ल्यांच्या मधला. तिथे श्रावणात कानबाई बसे. खानदेशी माणूस कुठेही गेला तरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई मांडणार. नारळाच्या रूपातली देवी, तिला साडी, नथ, फुलं, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्या वस्तीची कानबाई सगळ्या गल्ल्यांची मिळून असे आणि तिच्या मंडळाचे प्रमुख होते रामदासआप्पा.

आप्पा म्हणाले, "देवीच्या जागेवर संडास? आणि तोही मिशनचा?"

मी त्यांना आरोग्य सांगितलं. जंतू सांगितले. प्लेगची आठवण करून दिली. दवाखान्यातून आतड्याचं चित्र आणून दाखवलं.

आप्पांनी चित्र नीट बघितलं. "भास्करभाऊ," ते म्हणाले, "तुमचं आतडं आमच्या आतड्यासारखंच आहे, हे कबूल. पण मला एक सांगा, यात मिशनचा फायदा काय?"

"फायदा काही नाही," मी म्हणालो.

"हेच तर पटत नाही."

आणि खरोखर, बाहेर हवा चांगली नव्हती. दक्षिण गुजरातेत मिशनच्या नावाने लोकांच्या भुवया वर जाऊ लागल्या होत्या. वस्तीत कोणीतरी उठवलं की मिशनचा संडास जो वापरेल त्याचं नाव चर्चच्या वहीत जातं. दुसऱ्याने त्यात भर घातली की आत मंतरलेलं पाणी असतं. दोन तरुण पोरं मला उधना स्टेशनाबाहेर गाठून म्हणाली, "काका, संभाळून." मी संभाळून आठवडाभर वस्तीत गेलोच नाही. फादरना सांगितलं, ताप आहे.

सिस्टर मात्र रोज जात. एकट्या. त्या वस्तीत मराठी शिकल्या, म्हणजे अहिराणीच शिकल्या. एकदा बिशप केंद्रात आले तेव्हा सिस्टरनी त्यांना खुर्ची पुढे करून म्हटलं, "बठा." बिशपना वाटलं, स्पॅनिश असेल.

मी परत कामावर आलो तेव्हा मी त्यांना विचारलं, "सिस्टर, तुम्हाला भीती वाटत नाही?"

आम्ही वस्तीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभे होतो. त्या म्हणाल्या, "माझ्या देशात आम्ही एका गावात विहीर खणली. लोक म्हणाले, नन आहेत की कम्युनिस्ट? इथे लोक विचारतात, नन आहात की बाटवायला आलात? गरिबासाठी खड्डा खणला की सगळीकडे हाच प्रश्न येतो." मग चहा संपवून म्हणाल्या, "भीती वाटते. म्हणून तर तू सोबत असलास की बरं वाटतं."

ताप आल्याचं सांगणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते लिहीत नाही.

श्रावण आला. कानबाईच्या रविवारी सिंधूबाईने सिस्टरना बोलावलं. फादर मॅथ्यू चिंतेत पडले. मूर्तीसमोर सिस्टर गेल्या, हे वर कळलं तर? आप्पाही चिंतेत पडले. देवीसमोर मिशनची बाई आली, हे गावाकडे कळलं तर? दोघांचीही चिंता मलाच ऐकावी लागली, आणि मी दोघांनाही "अगदी बरोबर" असं म्हणालो. सिस्टर गेल्या. मांडवात मागे बसल्या, गाणी ऐकली, बायांनी हात धरून ओढलं तेव्हा फुगडीही खेळल्या. पन्नाशीच्या बाईने फुगडीत सिंधूबाईला दमवलं.

सोमवारी सकाळी विसर्जन. मीही होतो. पुढे डफ, मागे पुरुष, मधे डोक्यावर पाट घेतलेल्या बाया. मांडवातून देवी उचलली, मिरवणूक चार पावलं गेली आणि सिंधूबाई थांबली. तिने पाट शेजारणीच्या हातात दिला. अंबाडा सुटला. अंगाला कंप सुरू झाला. डफवाले थबकले, मग जोरात वाजवू लागले. "माय उनी, माय उनी," बाया म्हणाल्या आणि हात जोडले. देवी अंगात आली होती.

आप्पा पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःच्या बायकोपुढे हात जोडून ते म्हणाले, "माय, काय चुकनं?"

सिंधूबाईचा आवाज मी ओळखलाच नसता. जाड, संथ.

"माले वरीसमा येक रात जागा लागस," ती म्हणाली. "मन्या पोरीसले रोज लागस."

आप्पा तसेच उभे. ती पुन्हा म्हणाली, "दे त्यासले."

आणि इथे मी, समूहविकासात तयार झालेला माणूस, सगळं कळल्यासारखा हसलो. मला वाटलं, वा! काय डोकं चालवलं बाईने! मी गर्दीतून पुढे सरकलो, तिच्याजवळ गेलो आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, झकास!"

तिच्या हाताची थोबाडीत अशी बसली की माझा चष्मा डफवाल्याच्या पायाशी जाऊन पडला.

"देवीनी थट्टा करस?" मला हसताना पाहिलेली एक म्हातारी माझ्यावर ओरडली. मी जमिनीवर बसून चष्मा शोधू लागलो. तोवर आप्पा आडवे होऊन बायकोच्या पायांवर पडले होते. "दिधी, माय. जागा दिधी," ते म्हणत होते, आणि रडत होते. तो माणूस खोटं रडत नव्हता, हे मला चष्म्याशिवायही दिसलं.

गर्दीतून सिस्टर माझ्याजवळ आल्या. "काय म्हणाली ती?"

मी गालावर हात धरून भाषांतर केलं. या वेळी एक शब्दही बदलला नाही. सिस्टरनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि कानबाईच्या पाटापुढे मान लवली.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात एक रकाना असे: समूहाने निर्णय कसा घेतला? मी लिहिलं, 'स्थानिक महिला नेतृत्वाच्या पुढाकाराने.' फादरनी वाचलं. "कौनसा नेतृत्व?"

"कानबाई, फादर."

फादर कागदावर वाकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रागावले. ते हसत होते. "रहने दो," म्हणाले आणि सही केली.

पुढे कितीतरी दिवसांनी मी धीर करून सिंधूबाईला विचारलं, "वहिनी, त्या दिवशी खरंच देवी आली होती?"

ती टिकल्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माले काय म्हाईत? मी तठे व्हतू का?"

हेच मी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या गावात कंपनीने पाणवठ्याची वाट बंद केली तेव्हा चर्चमधल्या मेरीच्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पाणी कोणी ओतलं, हे त्यांच्या आईने कधी विचारलं नाही. "वाट उघडली," एवढंच त्या म्हणाल्या.

बांधकाम झालं. भिंती वस्तीतल्याच गवंड्यांनी घातल्या, विटा बायांनी वाहिल्या. मी देखरेख केली, म्हणजे सावलीत उभा राहिलो. दारांना निळा रंग दिला. तेवढ्यात परदेशातून निरोप आला की बांधकामावर देणगीदार संस्थेच्या नावाची पाटी हवी आणि पाटीसकट फोटो हवा. आप्पा म्हणाले, "पाटी लागली तर मी दारं काढून नेईन." फादर म्हणाले, फोटो नाही गेला तर पुढचा पैसा येणार नाही. मग मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलं आणि फोटोपुरता तो हातात धरून दारापाशी उभा राहिलो. काही महिन्यांनी देणगीदारांचं वार्षिक पुस्तक आलं. त्यात माझा फोटो छापला होता, चांगला रंगीत, निळ्या दारासमोर. खाली लिहिलं होतं: एक आनंदी लाभार्थी.

उद्घाटनाला आप्पांनी नारळ फोडला. फादरनी डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली. मी आटोपशीर बोललो, असं मला वाटतं. टाळ्या झाल्या. आणि मग सगळे दारांकडे बघत उभे राहिले. आत कोणी जाईना. मंतरलेलं पाणी, वहीत नाव, सगळं सगळ्यांना आठवत होतं. सिंधूबाई पुढे व्हायला लागली, तेवढ्यात आप्पांची आई, भीमाबाई, काठी टेकत आली.

"सरका," ती म्हणाली. "मी ते मरावर उनू. आते देव कोनताबी भेटो, पोट हलकं पाहिजे."

ती आत गेली. दार लावलं. दोनशे माणसं बाहेर उभी, एकही बोलत नाही. अशी शांतता मला माझ्या कुठल्याही भाषणात मिळाली नव्हती. म्हातारी बाहेर आली. लोक तिच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले, काही बदल दिसतो का म्हणून. तिने पदर सावरला, सूर्याला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "पानी कमी येस. नळ देखा."

त्या दिवसानंतर रुळांकडे कोणी बाई गेली नाही. सिस्टर सांगत, बायांची दुखणीही कमी झाली, कारण त्या आता पाणी पोटभर पीत होत्या. साफसफाईच्या पाळ्या लागल्या. भांडणं झाली, मिटली. पुढच्या श्रावणात कानबाईचा मांडव संडासाच्या अलीकडे, थोडा तिरपा घातला. देवीला चाललं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर होंडुरासात मोठं चक्रीवादळ झालं. सुरतेत टीव्हीवर बातमी आली आणि गेली. सिस्टर फोनपाशी बसून राहत. लागत नसे. शेवटी त्यांच्या संस्थेकडून कळलं, नदीने डोंगर खाली आणला, त्यांचं गाव चिखलाखाली गेलं. बहीण वाचली. बाकीच्यांचा पत्ता नाही.

वस्तीतल्या बाया केंद्रात आल्या. जिना चढून दहा-बारा जणी. सिंधूबाई सिस्टरच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "कव्हय निंघनी?" घरी जायला कधी निघतेस?

दोन दिवसांनी बाया परत आल्या त्या कापड घेऊन. घरोघरी डागी म्हणून पडलेल्या साड्या, तागे संपल्यावर उरलेले तुकडे, एखादी कोरी साडीही. मी त्यांना बसवून समजावलं की इतक्या दूर मदत अशी जात नसते. विमानाचं भाडं, कस्टम, तिथल्या लोकांची नेमकी गरज, या सगळ्याचा अभ्यास लागतो. आमच्या क्षेत्रात याला शास्त्र आहे. मी बोलत होतो तोवर सिस्टरनी आपली बॅग उघडली, त्यातले स्वतःचे कपडे बाहेर काढून खाटेवर ठेवले आणि मावतील तेवढ्या साड्या भरल्या. मग बॅगेवर बसून चेन लावली.

स्टेशनावर सिस्टरनी सिंधूबाईचा हात सोडला नाही. गाडी हलली तेव्हा सोडला. त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या देशात काम इतकं होतं की त्यांना कोणी परत पाठवलंही नसतं.

पुढे फादरना फोनवर कळलं. तिथे छावणीत शेकडो बाया, आडोसा कुठेच नाही. सिस्टरनी बांबू रोवले आणि सुरतेच्या जॉर्जेट साड्या एकाला एक बांधून भिंती केल्या. आत बायांची आंघोळ, शी-शू, सगळं. मी हे वस्तीत जाऊन सांगितलं. एकीने विचारलं, "वारामा उडी नही ना जात?" वाऱ्यात उडत तर नाहीत ना? सिंधूबाई म्हणाली, "ती गाठ मारी व्हई ना. नही उडाव."

सिस्टर गेल्यावर मी त्या वस्तीचा सर्वेसर्वा झालो, असं माझं मत. प्रत्यक्षात माझं जाणं कमी होत गेलं. केंद्राने मला कामरेजकडच्या वस्त्या दिल्या. मी मनातून काळजी करत असे की लाइनीवरच्या बायांचं माझ्याशिवाय कसं होणार.

एक दिवस घरपट्टीच्या कामाला मी महापालिकेच्या कचेरीत गेलो. व्हरांड्यात पंधरा-वीस बाया जमिनीवर बसलेल्या. सगळ्या लाइनीवरच्या. मधे सिंधूबाई. मी धावलो. "काय झालं?"

कळलं ते असं. वस्तीतून रस्ता जाणार होता, संडास त्यात जाणार होता. नोटीस आल्यावर बाया तीन दिवस रोज येऊन इथे बसत होत्या. मागणी एकच: आधी नवा बांधा, मग जुना तोडा. नकाशात जागाही त्यांनीच दाखवून दिली होती.

"मला सांगायचं नाही का?" मी विचारलं. माझा आवाज जरा दुखावलेला असावा.

सिंधूबाई सरकली. "बठा," म्हणाली. "दमेल दिखतस."

मी बसलो. तेवढ्यात दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. त्यांच्या हातात फाइल होती, तोंडावर हार मानल्याचा भाव. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांना व्हरांड्यात एकच पँट-शर्ट दिसला.

"तमारा लीडर आ भाई छे?" त्यांनी विचारलं. हे भाऊ तुमचे पुढारी का?

सवयीने मी उठायला लागलो. घसाही साफ केला. सिंधूबाईने माझा शर्ट मागून धरला आणि मला खाली बसवलं.

"नही साहेब," ती म्हणाली. "हाऊ आमना भाऊ शे. पानी पेवाले उना."

साहेब आत वळले, बाया त्यांच्या मागोमाग गेल्या. सगळ्यात शेवटच्या बाईने जाता जाता आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी व्हरांड्यात बसून पाणी प्यायलो. थंड होतं.